मानेमागचा चेहरा

मला वाघ आवडत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात हे मोठ्यानं बोलायची सोय नाही, कारण इथल्या अर्ध्या भिंती वाघाच्या जिवावर रंगतात आणि त्यातल्या पुष्कळ मीच रंगवल्या आहेत. रिसॉर्टचं जेवणघर, पेट्रोल पंपाची भिंत, शाळेचं फाटक, मंगल कार्यालयाचा दर्शनी भाग, जिकडे तिकडे वाघ. पाणी पिणारा वाघ, बछड्यांसह वाघीण, नाहीतर नुसतंच डोकं. एका लग्नात नवरा-नवरीच्या खुर्च्यांमागे वाघच पाहिजे म्हणून सासरा हट्टाला पेटला होता. काढून दिला. नवरीपेक्षा वाघाचेच फोटो जास्त निघाले.

हे काम चालू असताना पाहुणे मागे येऊन उभे राहतात. खाकी टोपी, गळ्यात दुर्बीण आणि ठरलेला प्रश्न, "तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते?" मी ब्रश न थांबवता सांगतो, मॅनेजरकडून. ते हसतात. त्यांना वाटतं, कलाकार मिश्कील आहे. मी मिश्कील नाही, वैतागलेला आहे. प्रेरणा हा शब्द ऐकला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. ज्याला बघायचा कंटाळा येतो तो प्रेरणेची वाट बघत बसतो, असं माझं मत होतं आणि अजूनही आहे. फक्त मी स्वतः नीट बघतो हा जो माझा समज होता, तो गेल्या मोसमात एका बाईनं पार उतरवून ठेवला. तेच सांगायचं आहे.

चिमूर तालुक्यात जंगलाला लागून असलेल्या एका गावात मी वीस वर्षांपासून राहतो. होळीच्या आगेमागे इथं मोह गळायला लागतो. झाडावर पान नसतं, रात्रभर फुलं टपटपतात आणि बाया उजाडता उजाडता टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. उशीर केला तर जनावरं खाऊन जातात. मी माझा लाकडी स्टूल घेऊन त्यांच्या मागे बसायचो आणि वाकलेल्या बाया काढायचो. पेटीभर वह्या भरल्या. नागपूरच्या दोन प्रदर्शनांत ही चित्रं लागली. कोणीतरी लिहिलं की या पाठींमध्ये कष्टाचं काव्य आहे. वाचून मला मनातून गुदगुल्या झाल्या आणि वरून मी म्हणालो, मूर्ख आहे लेकाचा.

पाठच का काढता, असं कोणी विचारलं तर उत्तर तयार असायचं. चेहरा माणसाला सावरून घेता येतो, पाठ नाही, वगैरे. ऐकणारे माना डोलवायचे. खरं कारण इतकंच होतं की समोर बसलं की बाया बोलतात, आणि बोलणारं माणूस मला काढता येत नाही. शिवाय त्यांना विचारावं लागतं. मागून काढायला कोणाची परवानगी लागत नाही.

माझ्या घरापासून तिसरं घर एका बाईचं आहे. वयानं माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, नवरा नाही, जिभेला हाड नाही. आमचं कधी पटलं नाही. माझा स्टूल दिसला की ती टोपली आपटून बोलायची, "पेंटर भाऊ, घरी काम नाई का तुमाले? मागून काऊन पाहून राह्यले?" मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. तिची पाठ मात्र मला फार आवडायची. रुंद, मधोमध खोलगट, आणि वाकली की कमरेपासून सरळ घडी पडल्यासारखी. त्या एका पाठीची शंभरेक चित्रं माझ्याकडे असतील.

तिच्या जावेचीही होती. दोघी एकाच मोहाखाली वेचायच्या, सासऱ्यापासून चालत आलेलं, नाल्याकाठचं झाड. त्याच झाडाखाली दोन मोसमांपूर्वी जावेला वाघानं मारलं. वाकलेली होती, मागून आला. हिनं ओरडून ओरडून, टोपली फेकून त्याला हाकललं, पण उशीर झाला होता. त्या दिवशी मी गावात नव्हतो, एका रिसॉर्टची भिंत रंगवत होतो. काय रंगवत होतो ते सांगायला नको.

चौथ्या दिवशी त्या जावेचा नवरा माझ्या दारात आला. बौद्ध कुटुंब, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला फोटो लावायचा होता आणि घरात तिचा धड फोटो नव्हता. "तुमी तं तिले लय वेळा काढलं, एखादं चांगलं द्या जी," म्हणाला. मी पेटी उघडली. एकेक वही चाळत गेलो आणि तो माझ्या शेजारी बसून पाहत राहिला. पाठ, पाठ, पाठ. एका चित्रात कान होता. शेवटी त्यानं माझ्या हातातली वही हळूच मिटली आणि निघून गेला. त्यांनी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. त्यात ती कोणालाच ओळखू आली नाही म्हणतात. मी कार्यक्रमाला गेलो नाही. स्वतःवर चिडायचं ते त्या सगळ्यांवर चिडून घरात बसलो.

पुढल्या वर्षी मोह फुलायच्या आधी कुठल्याशा संस्थेची माणसं गाडी घेऊन आली आणि वेचणाऱ्या बायांना मुखवटे वाटून गेली. वाघ मागून हल्ला करतो, समोरून सहसा करत नाही, म्हणून डोक्याच्या मागच्या बाजूला चेहरा बांधायचा, म्हणजे वाघाला वाटावं की माणूस आपल्याकडेच बघतंय. पातळ प्लास्टिक, गोरागोमटा मिशीवाला पुरुष, गालात हसणारा. सगळे एकाच साच्यातले. बायांची हसून पुरेवाट झाली. एकीनं तो म्हशीच्या शिंगाला अडकवला, एकीनं वांग्याच्या वाफ्यात काठीला बांधला.

तिसऱ्या घरातली ही मात्र मुखवटा घेऊन माझ्याकडे आली. पायरीवर ठेवला आणि बसलीसुद्धा नाही.

"हे तोंड खरवडा न् माहं काढा."

"तुझं कशाला?"

"हा मेला हासून राह्यला. वाघ काय लग्नाले येनार आहे?"

मी म्हणालो, मुखवट्यानं वाघ फसतो की नाही हे मला माहीत नाही. ती म्हणाली, तिलाही माहीत नाही. मी म्हणालो, मग या वर्षी नाल्याकडे जाऊ नको, दुसऱ्या झाडाखाली वेच. हे बोललो आणि तोंडावर आपटलो. आमच्याकडे जंगल सरकारचं असलं तरी मोह घराघरांत वाटलेले आहेत. कागदावर कुठं नाही, पण कोणतं झाड कोणाचं हे अख्ख्या गावाला पाठ असतं आणि दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. तिच्या घराचा मोह नाल्याच्या काठावर आहे, सगळ्यांत लांब.

"दुसऱ्याच्या मोहाखाली? चोर समजले का मले?" ती म्हणाली. "जाईन तं माह्याच झाडाखाली जाईन. तुमी तोंड काढा का नोका काढू."

ती जाणार हे नक्की होतं. मोह वेचून विकला नाही तर तिच्या घरात पुढलं वर्षभर काय शिजणार, हा प्रश्न होता. कळ्या फुगल्या होत्या. आठ दिवस फार तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती समोर खाटेवर बसली आणि मी पहिल्यांदा तिच्याकडे समोरून पाहिलं. कपाळावर गोंदणाचा ठिपका, डाव्या भुवईत जुनी खोक, एक डोळा दुसऱ्याहून किंचित लहान. वरचा एक दात अर्धा तुटलेला. यातलं काही मला माहीत नव्हतं. वीस वर्षं तीन घरांवर राहणारी बाई, आणि ती चिमूरच्या बाजारात समोरून आली असती तर मी कदाचित ओळखलीही नसती. शरम वाटली. शरम वाटली की मी खेकसतो, म्हणून तिच्यावर खेकसलो की हलू नको. ती म्हणाली, मी झाड नाही.

पहिला चेहरा मी जीव ओतून केला. प्लास्टिक पॉलिश पेपरनं घासलं, प्रायमर मारला, बारीक ब्रशनं गालावरच्या छटा, डोळ्याखालची सावली, गोंदणाचा हिरवटपणा. माझ्या मते गेल्या दहा वर्षांतलं माझं सगळ्यात चांगलं काम होतं. तिनं तो कुंपणाच्या काटकीला अडकवला, पन्नासेक पावलं लांब गेली, वळून पाहिलं आणि तिथूनच ओरडली, "भाजलेलं वांगं दिसून राह्यलं, भाऊ!"

मी जाऊन पाहिलं. वांगंच दिसत होतं.

तेव्हा मला अब्बांची आठवण झाली. अब्बा राजुऱ्यात कोळशाच्या ट्रकांच्या मागच्या फळ्या रंगवायचे. मी आर्ट स्कूलमधून शिकून आलो तेव्हा त्यांच्या कामाला मनातल्या मनात नाकं मुरडायचो. एकदा मी एका फळीवर मोर काढला, पिसापिसाला रंग दिला, दोन दिवस घालवले. त्यांनी तो पाहिला आणि म्हणाले, "पीछे से आनेवाला देखने नहीं आता, बेटा. उसको ब्रेक मारना है." आणि माझ्या देखत मोरावर पांढऱ्या रंगाचा हात मारून चार रेषांत दोन डोळे काढले. मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नव्हतो.

मी मुखवट्यावर पांढरा हात मारला. जाड काळी रेघ, डोळ्यांचं पांढरं एकदम उघडं, मध्ये गर्द बुबुळ, कपाळावर ठिपका मोठा करून. छटाबिटा काही नाही. कुंपणाला अडकवून मी स्वतः लांब गेलो. लांबून माणूस दिसत होतं, आणि ती दिसत होती.

तिनं बराच वेळ पाहिलं. "भेलेली दिसून राह्यली," म्हणाली.

मी म्हणालो, आहेसच तू घाबरलेली, मी जे दिसलं ते काढलं. हे बोलायला नको होतं. पण माझा स्वभावच तसा, खरं बोलायची संधी मिळाली की समोरच्याचं काय होईल हे मला सुचत नाही. तिनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "भेतोच मी. रोज भेतो. पन थे वाघाले काहाले सांगता?"

मी विचारलं, मग कशी काढू?

"तुमाले पाह्यतो नं मी. तुमी मागं येऊन बसता तवा. तसी काढा."

आणि खाटेवर बसून तिनं माझ्याकडे तसं पाहिलं. खालच्या पापण्या ताणलेल्या, लहान डोळा आणखी लहान, हनुवटी किंचित वर, तोंड घट्ट मिटलेलं. त्या नजरेत भीती नव्हती. नुसता तिटकारा होता, थंड आणि सवयीचा, घरात शिरणाऱ्या कुत्र्याकडे पाहावं तसा. तो सगळा माझ्यासाठी होता आणि मला तो रेघेरेघेनं उतरवून घ्यायचा होता. एरवी मी मॉडेलला म्हणतो, थोडं मोकळं व्हा, सैल बसा. तिला म्हणालो, असंच पाहत राहा. दोन तास पाहत होती. काम झाल्यावर तिनं मुखवटा हातात घेतला आणि पहिल्यांदा मान डोलावली.

मोह गळायला लागला त्या पहिल्या पहाटे ती मुखवटा बांधून निघाली. मी वही घेऊन मागोमाग गेलो. सवय, दुसरं काय. पायवाटेनं ती पुढं चालत होती आणि तिच्या मानेमागून तो चेहरा सगळ्या वाटेभर माझ्याकडे बघत होता. मी चार वेळा वाटेच्या कडेला सरकलो. नजर सरकत नव्हती. काम चोख झालं होतं, म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. मला परत जावंसं वाटत होतं.

नाल्याकाठी ती मोहाखाली पोचली, पडलेल्या फुलांचा पिवळा सडा पाहिला आणि वेचायला वाकली. मी स्टूल टेकवला, पेन्सिल काढली आणि वर्षानुवर्षं मारतो तशी कमरेची रेघ मारली. मग पाठीची. मग डोक्याची मारायला गेलो आणि हात थांबला. डोकं नव्हतं. मागून पाहिलं तर वाकलेल्या बाईचं डोकं दिसतच नाही. मुखवटा होता, पण त्याचे डोळे आभाळाकडे लागले होते. माझ्या इतक्या वह्यांमध्ये तो एक कान सोडला तर एकाही चित्रात डोकं नाही आणि ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नव्हती. आठ दिवस मी उभ्या बाईसाठी चेहरा रंगवत होतो. मोह कोणी उभ्यानं वेचत नाही.

मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. ती वाघ आला समजून टोपली घेऊन सरळ उभी राहिली आणि शेजारच्या झाडांखालच्या बायाही काठ्या घेऊन धावल्या. मी धापा टाकत सांगितलं, मुखवटा वर बघतोय, मागे बघत नाही, इथं बांधून उपयोग नाही. मग कुठं बांधायचा, एकीनं विचारलं. वाकल्यावर मागून जे दिसतं तिथं. कुठं? मी वही पुढं केली. बायांनी चित्र पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं आणि फिस्सकन हसल्या.

ती हसली नाही. तिचा चेहरा लाल झाला. "माहं तोंड थे ढुंगनावर बांधू?"

"जीव वाचवायचा आहे की अब्रू?" मी म्हणालो. पुन्हा तेच, बोलून गेलो.

"अब्रू तुमी काढली माही पह्यलेच, वहीभर." ती पुढे आली, अगदी जवळ. "माहं तोंड तिथी नाई लागनार. तुमचं काढा. तुमीच पाह्यता नं तिथून."

बाया हसायच्या थांबल्या. मी वही मिटून पिशवीत टाकली. तिनं त्या दिवशी अर्धीच टोपली वेचली, दर दोन मिनिटांनी उभी राहून मागे पाहत. मी घरी आलो.

म्हशीच्या शिंगाला अडकवलेला तो मुखवटा त्या बाईकडून मागून आणला, घासला, पांढरा केला आणि आरशासमोर बसलो. मी स्वतःला कधी काढलं नव्हतं. मला वाटलं, कलंदर म्हातारा दिसेल, दाढी वगैरे. दुपारी ती डोकावली, मुखवटा पाहिला आणि म्हणाली, "हे तुमी नाई."

"मग कसा आहे मी?"

"एक डोळा बारीक करता. उजवा. मान वाकडी. जीभ दातात धरता, मटन पाह्यल्यासारखी. न् कोनी बोललं तं आयकू येत नाई असं तोंड करता."

सगळं खरं होतं. मी डोळा बारीक केला, मान वाकडी केली, जीभ दातांत धरली आणि आरशात पाहिलं. इतकी वर्षं मी तिला न्याहाळतोय असं मला वाटत होतं आणि तिला माझा चेहरा तोंडपाठ होता. तो भला चेहरा नव्हता. मी तसाच काढला, अब्बांच्या जाड रेघेत, एक डोळा सताड उघडा आणि एक नेम धरलेला.

दुसऱ्या पहाटे आम्ही नाल्याकाठी गेलो तेव्हा तिच्या मानेवर तिचा चेहरा होता आणि कमरेला पदरानं कसून बांधलेला माझा. ती झाडाखाली जाऊन वाकली. तिचे डोळे आभाळाकडे गेले आणि माझे माझ्यावर आले. मी तिथं होतो, नेहमीच्या जागी, एक डोळा बारीक करून, काही ऐकू येत नसल्यासारखा. किळस आली. ही नजर मोसमामागून मोसम अंगावर घेऊन या बाया वेचत होत्या आणि त्यातली एक याच झाडाखाली मेली.

स्टूल मांडला नाही. वही पिशवीतून काढली नाही. तिच्या मागे जाऊन तिच्याकडे पाठ केली, नाल्याकडे तोंड करून उभा राहिलो आणि जमिनीवरची एक वाळकी फांदी हातात घेतली. पलीकडे करवंदीची जाळी होती, तिच्यामागे बांबू. मी पानपान पाहत होतो. काढण्यासाठी नाही. माझ्या स्वतःच्या पाठीला काहीच बांधलेलं नव्हतं.

मागून टोपलीत फुलं पडल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"झोपू नोका," ती म्हणाली आणि पुन्हा वेचायला लागली.